पणजीच्या बाप्तिस्मा वह्या आणि मळ्यातली कामकरी माणसं: प्रकल्प नोंदी

3 जून 2024

काम काय ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे फाटे फुटतात. मळा, फोंताइन्हास आणि साओ तोमे या पणजीच्या जुन्या वाड्यांत एकोणिसाव्या शतकात माणसं काय करून पोट भरत होती, ते चर्चच्या बाप्तिस्मा वह्यांतून कितपत कळतं, एवढंच बघायचं आहे. पर्यटकांच्या फेरीसाठी गोष्टी गोळा करायच्या नाहीत. पिवळ्या भिंती आणि सज्जातल्या कुंड्या यांचे फोटो आता पुरे झाले.

पणजीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण वरून खाली येतात. 1759 मध्ये विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, जुन्या गोव्याहून आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, 1843 मध्ये पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानी झाली, मधल्या काळात दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रु याने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले. सगळं खरं. पण दलदल काही त्याने स्वतः बुजवली नाही. माती कोणी वाहिली, जुन्या गोव्याच्या पडक्या इमारतींचा दगड कोणी उकलून आणला, त्या माणसांचं जेवण कोणी रांधलं, हे गव्हर्नरांच्या यादीत सापडायचं नाही.

मग बाप्तिस्म्याची वहीच का? 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि जन्ममृत्यूची नोंद चर्चकडून सरकारकडे गेली. त्याआधी ख्रिस्ती मुलाच्या जन्माचा पुरावा म्हणजे पाद्रीची वही. त्रेंतच्या धर्मसभेने 1563 मध्ये पाद्रींवर वह्यांची सक्ती केली, 1614 च्या रोमन विधिग्रंथाने नमुना घालून दिला. म्हणजे कामगार, नोकर, गुलाम, शिपाई, सगळ्यांची नावं निदान एकदा तरी कागदावर यायचीच. फक्त ख्रिस्त्यांची, हे मात्र विसरायचं नाही. मळ्यातलं आमचं घर यात कुठेच नसणार.

मंडळी तीन. मी, पोर्तुगीज वाचणाऱ्या निवृत्त टीचर, आणि स्प्रेडशीट सांभाळणारा कॉलेजचा मुलगा. पणजी चर्चच्या हद्दीतल्या वह्या, बहुतेक काम फोटोंवरून.

6 जून

लोखंडी शाई. जिथे लेखणी जोरात टेकली तिथे कागद खाऊन आरपार गेलाय, त्यामुळे मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानात घुसतात. फोटोत ते आणखी वाईट दिसतं. मुलाने उजेड बाजूने, जवळजवळ पानाला समांतर टाकून पुन्हा फोटो घेतले, तेव्हा लेखणीच्या खाचा दिसायला लागल्या आणि दोन ओळी वाचता आल्या. कसरीने काही कोपरे खाल्लेत, ते गेलेच.

मजकूर मात्र साचेबंद आहे, हे बरं. ‘आउश’ने (‘अमुक तारखेला’) सुरुवात, मग तारीख अक्षरांत, मग ‘बाप्तिझेय सोलेनेमेंत ए पुझ उश सांतुश ओलेउश’ (‘विधिवत बाप्तिस्मा दिला आणि पवित्र तेलं लावली’), मुलाचं नाव, कोणाचं मूल, आईबाप कुठले राहणारे, पाद्रिन (धर्मपिता) कोण, मादिन (धर्ममाता) कोण, शेवटी विगाराची, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीची, सही. एकदा हात सरावला की अर्धी ओळ न वाचताच कळते. आणि तिथेच फसायला होतं, म्हणून टीचरनी नियम घातलाय: पाठ असलेली ओळसुद्धा बोट ठेवून वाचायची.

11 जून

रकाने ठरवले. वहीतलं स्पेलिंग जसंच्या तसं एका रकान्यात, आमचं ठरलेलं रूप शेजारी. पणजी कधी ‘पंजिम’, कधी ‘नोव्हा गोवा’. साओ तोमेचं स्पेलिंग तर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगळी ठेवायची, दोन्हींत फारतर आठवडा-दीड आठवडा असतो. मूल जगेल याची खात्री नव्हती, तेव्हा कोणी थांबत नसे.

17 जून

आज खरी अडचण समोर आली. ‘धंदा’ हा रकाना आम्ही मोठ्या हौसेने केला आणि तो रिकामाच राहतोय.

कारण सरळ आहे. पाद्रीला आत्म्याशी कर्तव्य, हाताशी नाही. मूल औरस आहे का, आईबापांचं लग्न झालंय का, पाद्रिन ख्रिस्ती आहे का, एवढं त्याला हवं. बाप कापड शिवतो की होडी वल्हवतो हे लिहिलं नाही तरी संस्कार पुरा होतो. पोर्तुगालमध्ये 19 ऑगस्ट 1859 च्या हुकुमाने पॅरिशच्या नोंदींना ठरावीक नमुना आला, त्यात आईबापांचा धंदा आणि आजीआजोबांची नावंही आली. आमच्या वह्यांत ही सवय शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू मुरताना दिसते, तीही विगार बदलला की बदलते. एक विगार हौशी, सगळं लिहितो. त्याच्यानंतरचा कंजूष.

आणि लिहितात कोणाचं? हुद्दा असलेल्यांचं आधी. ‘प्रोप्रिएतारियु’, म्हणजे जमीनदार; ‘आमानुएंस’, म्हणजे कचेरीतला कारकून; ‘नेगोसियांत’, म्हणजे व्यापारी. मग शिपाई, कारण शिपायाला रेजिमेंट असते. मग आल्फायात (शिंपी), कार्पिंतेर (सुतार), पदेर (पाववाला), कुझनेर (स्वयंपाकी). सगळ्यात शेवटी, क्वचित, सरकारी छापखान्यातला जुळारी. पणजीत ‘गाझेता द गोवा’ हे वर्तमानपत्र 1821 मध्ये निघालं, तेव्हापासून खिळे जुळवणारे हात या शहरात होते; वहीत ते फार उशिरा उगवतात. मजूर तर नाहीच. ज्याला रोज नवं काम, त्याच्या नावापुढे पाद्री काय लिहिणार?

मुलगा म्हणाला, रकाना काढून टाकू. टीचर म्हणाल्या, ठेव, रिकामी जागा पण मोजायची असते.

24 जून

सांजांव, सेंट जॉनचा सण. मुलगा शिवोलीला विहिरीत उड्या मारायला गेला. काम बंद.

2 जुलै

अठराव्या शतकाच्या शेवटच्या आणि त्यापुढच्या काही पानांवर वेगळीच नोंद येते. मूल नाही, प्रौढ माणूस. आईबापांच्या जागी काही नाही. ‘काफ्र’ (आफ्रिकी), ‘अमक्याचा एश्क्राव्हु’ (गुलाम), नवं ख्रिस्ती नाव, आणि पाद्रिन म्हणून कधी मालकाच्याच घरातला माणूस. चार ओळींत एक माणूस मोझांबिकचा किनारा सोडून पणजीच्या घरात येतो आणि त्याचं मूळ नावही मागे राहत नाही.

फोंताइन्हासची गोष्ट सांगताना सगळे कौतुकाने सांगतात की ही वस्ती आंतोनियु जुआंव द सिकेराने वसवली, मोझांबिकमध्ये पैसा केला म्हणून लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणायचे. माडाच्या बागेतून उभी राहिलेली सुंदर वसाहत वगैरे. त्या काळी मोझांबिक आणि गोवा यांच्यात काय काय ने-आण चालायची, हे मात्र त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातूनच चालायचा, कारभार वेगळा झाल्यावरही जहाजं थांबली नाहीत. हस्तिदंत आणि माणसं एकाच जहाजातून यायची. गुलामांच्या व्यापारावर पोर्तुगालने 1836 मध्ये कागदोपत्री बंदी घातली आणि गुलामी रद्द केल्याचा हुकूम 1869 मध्ये काढला. सिकेरावर मी आरोप करत नाहीये, त्याच्या हिशोबाच्या वह्या माझ्यासमोर नाहीत. पण या वाड्यांत सगळ्यात जास्त राबलेल्या माणसांच्या नावापुढे धंदा लिहिलेला नाही, मालक लिहिलाय, हे आमच्या फाइलमध्ये ठळक दिसायला हवं. ‘धंदा’ रकान्याशेजारी ‘कोणाकडे’ हा रकाना वाढवला.

15 जुलै

पावसाने मळा तुंबला. ओरेम खाडीला भरती असली की गटाराचं पाणी उलटं येतं. दोनशे वर्षांपूर्वी बुजवलेली दलदल दर जुलैत आपली जागा मागते.

घरी बसून नोंदी एकमेकींशी जुळवल्या आणि इतके दिवस शोधत होतो ते अचानक दुसऱ्याच ठिकाणी सापडलं. काम बापाच्या नावापुढे नाही, पाद्रिनच्या जागेवर आहे. ज्याच्या नावापुढे एखाद्या नोंदीत ‘पदेर’ लिहिलंय, तोच माणूस दुसऱ्या चार घरांच्या मुलांना पाद्रिन म्हणून उभा असतो, आणि त्या घरांतला बाप पुढे कधीतरी, दुसऱ्या विगाराच्या हातची नोंद आली की, पदेर निघतो. शिपायाच्या मुलाला सार्जंट पाद्रिन. कारकुनाच्या मुलाला त्याच कचेरीतला वरचा कारकून. स्वयंपाक्याच्या मुलीला मालकीण मादिन, आणि मुलीचं नाव मालकिणीचंच.

नातेवाईक पाद्रिन होतात हे खरं, आणि नातेवाईक एकाच धंद्यात असतात हेही खरं. म्हणून लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. जिथे गाव वेगळं आहे, म्हणजे बाप दक्षिणेकडच्या साष्टीचा आणि पाद्रिन उत्तरेकडच्या बार्देसचा, अशाच जोड्या बघायच्या. गाव वेगळं, आडनाव वेगळं, धंदा एक: तिथे ओळख भट्टीवरच झालेली असणार.

19 जुलै

खात्री करायला वाड्यातल्या एका म्हाताऱ्या पदेराकडे गेलो. भट्टी आता मुलगा चालवतो, हा खुर्चीत बसून गिऱ्हाईकांशी हुज्जत घालतो. पाद्रिनचं विचारलं तर हसला. ‘‘आमच्या बापायचो पाद्रिन पदेरूच आशिल्लो. आनीक कोण मेळटलो, बाब? रातभर फोर्नार आमीच.’’

पदेराचं घड्याळ उलटं चालतं. दुपारी पीठ, संध्याकाळी मळणी, मध्यरात्रीनंतर फोर्न, म्हणजे भट्टी, पेटलेला, पहाटे पाव बाहेर. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, म्हणजे पदेराचा रेंदेराशी, माडाची सूर काढणाऱ्याशी, रोजचा संबंध. रेंदेर सकाळी उतरवलेली सूर घेऊन आला नाही तर उंडे (गोल पाव) बसायचे. लाकडं आणणारा तिसरा. वाड्यात सगळे झोपलेले असताना जागी असणारी ही माणसं एकमेकांशिवाय कोणाला ओळखणार? साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइटांनी पाव भाजायला शिकवलं आणि तिथून पदेर गोवाभर पसरले, असं परंपरा सांगते. हा म्हातारा आपलं मूळ साष्टीचंच सांगतो, पण घरात आता पणजीचीच बोली.

फोर्न दाखवला. आत घुमट, विटा काळ्या कुळकुळीत, तोंडाशी लोखंडी झाकण. लांब दांड्याच्या लाकडी फाळक्यावर ओळीने उंडे, आणि तो फाळका आत ढकलून झटक्यात मागे ओढायचा की उंडे आपापल्या जागी बसतात. मुलाने मला करून बघायला दिलं नाही, दिलं असतं तर सगळी रांग वाकडी बसली असती.

निघताना त्याने विचारलं, वहीत माझ्या आज्याचं नाव मिळालं तर दाखला मिळेल का? लिस्बनला द्यायला. नातवाला पोर्तुगीज पासपोर्ट करायचाय. हल्ली अशा वह्यांशी येणाऱ्या बहुतेकांचं कारण हेच असतं: 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजीचा नाहीतर आजोबांचा दाखला. त्याला सांगितलं की आमचं काम वेगळं, दाखल्यासाठी नोंदणी कचेरीतच जावं लागेल.

5 ऑगस्ट

एक नाव सारखं येत होतं. वर्षानुवर्षं, गरीब घरांच्या मुलांना, गुलामांच्या मुलांना, बाप अज्ञात असलेल्या मुलांना, पाद्रिन हाच. मुलाने त्याला फाइलमध्ये पिवळा रंग दिला आणि वाड्यातला मोठा मालक शोधल्याच्या थाटात टीचरना दाखवला.

टीचरनी चष्मा वर केला. ‘‘हो सांक्रिस्तांव न्हय?’’

अर्थात. पाद्रिन म्हणून उभं राहायला कोणी नसेल तर चर्चमधलाच माणूस पुढे व्हायचा. घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा, वेदीवरचं कापड धुऊन घडी करणारा सांक्रिस्तांव. पुढच्या आठ-दहा पानांत त्याच्या नावापुढे हुद्दाही सापडला. म्हणजे जाळ्याच्या मध्यावर बसलेला माणूस श्रीमंत असेलच असं नाही, तो फक्त नेहमी हजर असणारा असतो. विश्लेषणातून त्याला बाजूला काढलं, पण फाइलमध्ये रंग ठेवला. ज्यांना कोणी नव्हतं त्यांची यादी त्याच्या नावाखाली आपोआप तयार झाली आहे, ती आम्हाला दुसऱ्या कशानेही मिळाली नसती.

सांक्रिस्तांवाचं काम तसं कष्टाचंही. पणजी चर्चची मोठी घंटा जुन्या गोव्याच्या आगुस्तिनियन मठातली. आग्वादच्या दीपगृहावर काही वर्षं काढून ती 1871 मध्ये इथे चढवली गेली. से कॅथेड्रलच्या घंटेनंतर गोव्यातली मोठी घंटा हीच. ती दोरीने हलवणाऱ्याचे खांदे कसले असतील!

22 ऑगस्ट

1871 वरून आठवलं. त्याच वर्षी गोव्याचं देशी लष्कर बंडानंतर बरखास्त झालं. फोंताइन्हासमधल्या एका घराच्या नोंदी सलग मिळाल्या आहेत. थोरल्या दोन मुलांच्या वेळी बाप ‘सोल्दादु’, म्हणजे शिपाई, पाद्रिनही रेजिमेंटमधला. नंतरच्या मुलाच्या वेळी बापाच्या नावापुढे काही नाही आणि पाद्रिन सांक्रिस्तांव. विगार तोच, अक्षर तेच, म्हणजे लिहायचं राहिलं असं म्हणता येत नाही. लिहिण्यासारखं उरलं नव्हतं.

एका घरावरून सिद्धांत नको, हे मलाही कळतं. पण लष्करमोडीबद्दल आजवर जे काही वाचलंय त्यात हा शेवटचा पाद्रिन मला कुठे भेटला नव्हता.

12 सप्टेंबर

चवथीत आठवडा गेला. माटोळी, करंज्या, पाहुणे. जेवणावळीत काकांनी हटकून विचारलं, ‘‘तुझ्या त्या पाद्रीच्या वह्यांत आमचं कोण आहे?’’

कोणी नाही, काका. मारुतीच्या देवळाखालचे सोनार, न्हावी, दुकानदार, आमच्यासारखी कारकुनी करणारी घरं, सगळी या वह्यांबाहेर. पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी इथे राहणाऱ्या हिंदूंची देवळं तिसवाडीच्या बाहेर, फोंड्यात. आमच्या लोकांची नावं शोधायची तर देवळांच्या महाजनांच्या याद्या आहेत, 1886 च्या माझानी कायद्यानंतर, म्हणजे देवळांच्या कारभाराच्या कायद्यानंतर, त्या नीट ठेवल्या गेल्या. पण त्यात महाजन तेवढे, म्हणजे पुरुष, आणि तेही ठरावीक घराण्यांतले. देवळात पखवाज वाजवणारा आणि आवार झाडणारी त्यात नाही. सावकारांच्या मोडी वह्या घराघरांत पोटमाळ्यावर असतील, वाळवीने ठेवल्या असल्या तर. काकांना म्हटलं, आपला पोटमाळा आधी काढू या. काका दुसऱ्या विषयाकडे वळले.

खरं सांगायचं तर या प्रकल्पाचं नाव मी ‘पणजीतली कामकरी माणसं’ असं ठेवणार होतो. आता ‘ख्रिस्ती’ हा शब्द घालायलाच हवा. नाहीतर अर्धा मळा गायब करून आपण सगळं दाखवलं असं होईल.

30 सप्टेंबर

बायकांच्या कामाबद्दल वह्या गप्प, असं मी जूनपासून म्हणत होतो. मादिन फक्त अमक्याची बायको किंवा अमक्याची मुलगी म्हणून येते. कपडे धुणाऱ्या, मासे विकणाऱ्या, मोलकरणी, कोणाच्याही नावापुढे काही नाही.

पण एक बाई कामासकट वहीत येते. सुईण.

मूल जन्मतःच निपचित असेल आणि पाद्री येईपर्यंत टिकेलसं वाटत नसेल तर घरातच बाप्तिस्मा द्यायची मुभा आहे. पाणी डोक्यावर, आणि ठरलेले शब्द. हे कोण करणार? त्या क्षणी खोलीत जी असते ती. गोव्यात तिला वयजीण म्हणतात, वहीत ती ‘पार्तेयरा’. मूल जगलं तर पुढे चर्चमध्ये आणून तेल लावतात, उरलेला विधी करतात, आणि नोंदीत लिहावं लागतं की घरी, गरजेपोटी, अमुक हिने बाप्तिस्मा दिला होता. लिहावंच लागतं, कारण बाप्तिस्मा दोनदा देता येत नाही. तिने शब्द नीट उच्चारले का, याची पाद्रीने चौकशी करायची. शंका असली तर ‘बाप्तिस्मा झाला नसल्यास’ अशी अट घालून पुन्हा द्यायचा. म्हणजे इतर सगळ्या नोंदींत पाद्री कर्ता, या एका नोंदीत बाई कर्ती आणि पाद्री तिचं काम तपासणारा.

टीचरनी आज अशी एक नोंद मोठ्याने वाचली. नाव इथे लिहीत नाही. साओ तोमेतलं घर, पावसाळ्यातला महिना, जुळी मुलं. एकीला वयजिणीने घरी बाप्तिस्मा दिला, दुसरीला तीन दिवसांनी चर्चमध्ये. पहिलीच्या नोंदीच्या समासात बारीक अक्षरात मृत्यूची खूण आणि तारीख, दुसऱ्या नोंदीच्या आधीची. खाली विगाराने लिहिलंय की वयजिणीला विचारलं, शब्द बरोबर होते. तिला सही येत नव्हती, म्हणून दुसऱ्या कोणीतरी तिच्या वतीने केली आहे.

तीच वयजीण नंतर कितीतरी घरांत दिसते. मुलाने तिच्या नोंदी रस्त्यांप्रमाणे लावल्या तेव्हा तिचा फेरा नकाशावर उमटला: फोंते फेनिक्सच्या झऱ्याकडून साओ तोमेपर्यंत, आणि क्वचित खाडीपलीकडे. ज्या घरी मूल ठणठणीत जन्मलं, तिथे ती असूनही वहीत नाही. म्हणजे दिसणारा फेरा हा तिच्या वाईट रात्रींचा. चांगल्या रात्री किती होत्या कोण जाणे.

आणखी एक गोष्ट टीचरकडून कळली आणि माझा तर विश्वासच बसेना. गरज पडली तर बाप्तिस्मा देणारी व्यक्ती ख्रिस्ती असायलाच हवी असं नाही. फ्लोरेन्सच्या धर्मसभेच्या काळापासून, म्हणजे 1439 पासून, चर्चचं हे लेखी मत आहे: हेतू आणि शब्द बरोबर असले की अख्रिस्ती माणसाने दिलेलाही चालतो. मळ्यात हिंदू सुइणी होत्या, आमच्या घरच्या बाळंतपणांची एक आठवण तर आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. त्यांच्यापैकी कोणी ख्रिस्ती घरात रात्री असं पाणी घातलं असेल का? आमच्या वह्यांत तशी नोंद आलेली नाही. पण काकांच्या प्रश्नाला आता ‘कोणी नाही’ इतकं ठणकावून सांगणार नाही.

9 ऑक्टोबर

नावांचा घोळ. मारिया, जुझे, आंतोनियु, काएतानु, पुन्हा मारिया. संत काएतानुचा सण 7 ऑगस्टला, त्या दिवसांत जन्मला तो काएतानु. जानेवारीत सण सेबास्तियनचा, तेव्हा सेबास्तियांव. एका गल्लीत एकाच नावाचे दोन सुतार असतील तर आपण एका माणसाला दोन बायका देऊन मोकळे होतो. नियम: नाव, बायकोचं नाव आणि गाव, तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या मानायच्या नाहीत. यात खरी जोडलेली माणसंही सुटतील. सुटू देत.

18 ऑक्टोबर

फाइल सगळ्यांना खुली करायची की नाही, यावर वाद. मुलगा म्हणतो, दीडशे वर्षं झाली, आता काय? टीचर म्हणतात, वाड्यात आडनावं तीच आहेत. ‘बाप अज्ञात’ अशी नोंद असलेल्या मुलीचा पणतू रोज आपल्याला पाव देतो हेही शक्य आहे, आणि त्याला ते पडद्यावर वाचायला लावणारे आपण कोण? मी टीचरच्या बाजूने. पण गुलामांच्या बाबतीत मी उलट मताचा आहे: त्यांची नावं झाकली तर झाकणं मालकाच्या फायद्याचं होतं.

ठरलं ते असं. अनौरस आणि ‘बाप अज्ञात’ नोंदींतली नावं खुल्या प्रतीत गाळायची, रस्ता आणि वर्ष ठेवायचं. गुलामांच्या नोंदींत दोन्ही नावं ठेवायची, त्याचं आणि मालकाचं. चर्चच्या मंडळींना विचारल्याशिवाय यातलं काहीच बाहेर जाणार नाही.

25 नोव्हेंबर

जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन सुरू झालंय, टीचर तिथे सेवेला जातात, त्यामुळे वाचन बंद. मी आणि मुलगा नकाशा करतोय. भट्ट्या, दारूची तावेर्नं, शिंप्यांची घरं, छापखाना, पोलिसांच्या बराकी. प्रत्येक ठिपक्याला ‘नोंदीत लिहिलेलं’ आणि ‘पाद्रिनवरून काढलेलं’ असे दोन रंग. बघणाऱ्याला दोन्हींतला फरक पहिल्या नजरेला कळायला हवा, नाहीतर नकाशा आमच्यापेक्षा जास्त खात्रीने बोलायला लागतो. फोंताइन्हासच्या वरच्या अंगाला ठिपके विरळ, खाडीच्या बाजूला दाट. मुलाला वाटतं तिथे गरीब राहायचे. मला वाटतं वरच्या घरांत नोकर घरातच राहायचे, त्यामुळे त्यांचा पत्ता मालकाच्या पत्त्यात बुडाला. ‘कोणाकडे’ रकाना लावून बघितला, माझ्या बाजूचे काही ठिपके निघाले, मुलाच्या बाजूचेही निघाले.

10 डिसेंबर

परवा चर्चचं फेस्त झालं, जत्रेतून खाजें आणलं, कीबोर्ड चिकट.

पुढचं काम लग्नाच्या वह्यांचं. तिथे साक्षीदार असतात, आणि साक्षीदार पाद्रिनसारखा कौतुकाने निवडलेला नसतो, जो हाताशी आला तो. म्हणून धंद्याची जाळी तिथे वेगळी निघते की तीच, हे तपासता येईल. तीच निघाली तर 15 जुलैची नोंद जरा जोरात म्हणायला हरकत नाही. परवानगीचा अर्ज टीचरनी पोर्तुगीजमध्ये लिहिलाय, मी मराठीत, मुलगा म्हणतो दोन्ही नकोत, कचेरीत सगळे इंग्रजीतच वाचतात. वयजिणीच्या नोंदी वेगळ्या पानावर काढल्या आहेत. काकांचा फोन आला होता, पोटमाळ्याची शिडी मोडली आहे, सुतार बघ म्हणाले.